नारायणाच्या हाताला ग्रीस

मी रेल्वेत आहे, पण इंजिनाशी माझा संबंध एवढाच, की ते आलं की मी फलाटावर मागे सरकतो.

दौंड जंक्शनच्या पार्सल ऑफिसात मी कारकून आहे. कुणाची मोटारसायकल, कुणाचं कपाट, कुणाच्या आंब्याच्या पेट्या यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि ते सामान भलत्याच स्टेशनावर उतरलं की शिव्या खायच्या, हे माझं काम. पण शिरूर तालुक्यातल्या माझ्या सासरवाडीला एवढा तपशील कधी पोचलाच नाही. लग्न जुळवताना मध्यस्थानं 'मुलगा दौंडला रेल्वेत' एवढंच सांगितलं, आणि पुढचं सासरवाडीनं स्वतःच ठरवून टाकलं. "म्हंजी इंजिनात!" तेव्हापासून त्या गावात कुणाचा पाण्याचा पंप बंद पडला, तरी लोक आशेनं माझ्याकडे बघतात. मी गंभीर चेहरा करून "वायसर बघा" म्हणतो. (वायसर प्रत्येक यंत्रात कुठे ना कुठे असतोच.)

यंदा अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! त्याला जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, नवे कपडे करायचे, तेहेतीस अनारसे द्यायचे, आणि वर तो काय मागेल ते वाण म्हणून द्यायचं. ऑफिसात मला बढती मिळायची चिन्हं नव्हती, तेव्हा ही सासरवाडीची बढती पुरेपूर भोगायची असं ठरवूनच मी निघालो होतो.

पुरणाचे धोंडे झाले, तुपाची धार झाली, ताक झालं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर सावरत म्हणाल्या, "जावईबापू, लाजू नगा. मनात आसंल ते मागा."

"मागितलेलं मिळेल?"

"धोंड्यात जावयाला न्हाई म्हणत्यात व्हय!"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात मामांची, म्हणजे सासऱ्यांची, पांढरी अँबॅसिडर धूळ खात उभी होती. मामांच्या वडिलांनी सगळा जन्म मेंढरांमागे काढला. मामांनी मेंढरं सोडून ऊस लावला, आणि हातात पैसा खेळायला लागल्यावर पहिली घेतली ती ही गाडी. आसपासच्या गावांतल्या कितीतरी पोरी लग्न होऊन याच गाडीतून सासरी गेल्या. माझी सुनंदाही याच गाडीतून दौंडला आली. मामा स्वतः चालवत होते, आरशात बघून डोळे पुसत होते, आणि मी मागे बसून गाडीच्या मऊ गादीवरून हात फिरवत होतो. (सुनंदाच्या हातावरून फिरवायला हवा होता, हे ती अजून ऐकवते.) पुढे माझा मेहुणा दत्ता यानं नवी गाडी आणली आणि अँबॅसिडर शेडात गेली ती गेलीच. पण माझा जीव तिच्यात अडकलेला होता. खरंच होता.

"मामा," मी म्हणालो, "मला ती अँबॅसिडर द्या."

मामांच्या हातातलं पान हातातच राहिलं. दत्ताला ताक पिता पिता ठसका लागला. सुनंदानं माझ्याकडे असं बघितलं, की एरवी मी विषय बदलला असता. मामा थोडा वेळ शेडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "व्हय. न्या की."

आनंदानं त्यांची वाचा बसली असावी, असा मी अर्थ काढला.

"पण दाजी, ती चालू कुठं..." दत्तानं तोंड उघडलं. मामींनी डोळे वटारले. दत्तानं वाक्य गिळलं. "म्हंजी, व्हईल. चालू व्हईल की!"

"होईल नाही, मी करणार," मी म्हणालो. "आज संध्याकाळी ही गाडी स्वतःच्या चाकांवर दौंडात शिरेल!"

आणि मला माघार घेता येऊ नये याची व्यवस्था मी स्वतःच केली. कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'आज संध्याकाळी अँबॅसिडरनं येतोय. गेटपाशी जागा ठेवा.' लगेच अंगठे आले, टाळ्या आल्या. शेजारच्या गार्डसाहेबांनी कळवलं, 'हार आणि नारळ आणून ठेवतो.'

गाडी ढकलत अंगणात आणली. चाकांत हवा भरली. मागच्या सीटवर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली निघाली. तिला उठवायचं नाही, असा मामींचा हुकूम झाला, तेव्हा ती तिथेच राहिली. मी नव्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बॉनेटकडे निघालो.

"आगं बया!" मामी धावत आडव्या आल्या. "बापू, ह्ये काय करताय?"

"इंजिन बघतो."

"धोंड्याच्या दिवशी नारायणाच्या हाताला ग्रीस? गाव माझ्या तोंडात शेण घालंल! तुमी बसा. तुमी निस्तं सांगायचं, दत्ता करतुय."

माझ्यासाठी खुर्ची आली. खुर्चीवर उशी आली. खुर्ची सावलीत हवी, सावली लिंबाखाली, आणि लिंब गाडीच्या मागच्या अंगाला. त्यामुळे मला दिसत होतं ते असं: डिकी, कोंबडी, उघडलेलं बॉनेट आणि त्यापलीकडे मधूनमधून दत्ताचं डोकं. सुनंदा जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, जरा ऐका..." मी हात वर करून तिला थांबवलं. "नारायण कामात असताना लक्ष्मीनं मध्ये बोलू नये." ती "बरं!" म्हणाली आणि आत निघून गेली. तो "बरं" मला तेव्हा ओळखू यायला हवा होता.

इंजिनाचा माझा अभ्यास मोबाईलवर अवलंबून होता. त्यात एक माणूस हिंदीतून फार सोपं करून सांगत होता. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला तीनच गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि करंट. तिन्ही पोचल्या, की गाडी चालू झालीच पाहिजे. मला हे एकदम पटलं.

आधी बॅटरी. अँबॅसिडरची जुनी बॅटरी मेलेली होती. मी खुर्चीतून हुकूम सोडला आणि दत्तानं स्वतःच्या नव्या गाडीची बॅटरी काढून इकडे बसवली. (आता घरातल्या दोन्ही गाड्या बंद होत्या.) टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, कॅनमधून नवं ओतलं. दत्तानं चावी फिरवली. खुर्रर्र, खुर्रर्र, खुर्रर्र! इंजिन गरगरत होतं, पण पेट घेत नव्हतं.

"उत्तम!" मी म्हणालो. "आता तपासणी. दत्ता, इंजिनाला हवा जाते का?"

"व्हय, दाजी!"

"भरपूर?"

"लई!"

"पेट्रोल येतंय का?"

"येतंय की! धार लागलीया!"

दत्ता शिक्रापूरच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर माल तपासायचा आणि जरा ओरखडा दिसला की रिजेक्ट करायचा, यासाठी त्याला पगार मिळतो. असा कडक माणूस बॉनेटपाशी उभा आहे, मग मला खुर्चीतून उठायची गरजच काय?

राहिला करंट. मी प्लग काढायला लावले. ते इतके ओलसर आणि काळे होते, की मामींनी ते चुलीवरच्या तव्यावर भाजून दिले. शेजारच्या कढईत अनारसे तळले जात होते. परात एकीकडे अनारसे, एकीकडे प्लग, अशी बाहेर आली. (दत्तानं चुकून अनारसा बसवला असता, तरी माझ्या खुर्चीतून ते कळलं नसतं.) मोबाईलमधल्या माणसानं सांगितल्याप्रमाणे दत्तानं प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि मामांनी चावी फिरवली.

"ठिणगी पडते का?"

"व्हय, दाजी!"

"निळी?"

"व्हय, निळी!"

"नीट बघ. पिवळी तर नाही ना?"

"व्हय, पिवळी बी हाय!"

निळी आणि पिवळी, म्हणजे मिळून हिरवट. मी डोळे मिटून खूप विचार केला. हवा आहे, पेट्रोल आहे, हिरवट का होईना, करंट आहे. तरी गाडी चालू होत नाही. याचा अर्थ एकच निघत होता: इंजिनाला सवय राहिलेली नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून चालवायला हवं!

"मामा, ट्रॅक्टर काढा," मी म्हणालो. "गाडी ओढून चालू करू."

"व्हय," मामा म्हणाले. चावी फिरवून झाल्यापासून ते बैलगाडीच्या जुवावर बसून चंचीतली तंबाखू मळत होते, आणि गाडीकडे बघत होते.

ओढायच्या गाडीचं स्टिअरिंग धरायला कुणीतरी पाहिजे. स्टिअरिंग धरणं हे काम नसून मान आहे, हे मी मामींना पटवून दिलं. त्यांनाही ते पटलं. फक्त मान आहे तर फेटा पाहिजे, असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्याला जरीचा फेटा बांधला. दत्ता ट्रॅक्टरवर बसला, दोर बांधला, मामा माझ्या शेजारी बसले, मागे कोंबडी, आणि आम्ही रस्त्याला लागलो.

आता गावाच्या बाजूनं विचार करा. धोंड्याचा महिना. जावई पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. डोक्याला जरीचा फेटा. ज्या गाडीतून गावच्या पोरी सासरी गेल्या ती गाडी, आणि पुढे ट्रॅक्टर. गावाला जे वाटायचं तेच वाटलं. "आरं, धोंड्याच्या जावयाची मिरवणूक हाय!" पारावरची माणसं उठली. कुणीतरी हलगी आणली. कुणाच्या तरी घरात निवडणुकीतला गुलाल उरला होता, तो आला. माझ्या लग्नाच्या वरातीत मला एवढा गुलाल लागला नव्हता! मी काचेतून "गाडी चालू करतोय, बाजूला व्हा!" म्हणून ओरडत होतो, आणि लोक मला हात जोडून नमस्कार करत होते.

त्या गोंधळातच मी गाडी गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. दणका बसला. गाडी हादरली, थरथरली, आणि मला स्पष्ट ऐकू आलं: धड धड धड धड धड!

"चालू झाली!" मी किंचाळलो. "मामा, झाली ना चालू?"

"व्हय," मामा म्हणाले. इतक्या आनंदाच्या क्षणी माणूस इतक्या पडेल आवाजात कसा बोलतो, याचं मला नवल वाटलं.

"जावयानं गाडी चालू केली!" बातमी मागे पोचली. हलगी दुप्पट झाली. कुणीतरी पुढे येऊन चाकापाशी नारळ फोडला.

"दाजी, दोर सोडू का?" दत्तानं मागे वळून विचारलं.

"सोड!" मी सेनापतीच्या थाटात हात केला.

एकानं दोर सोडला. ट्रॅक्टर पुढे निघाला. आणि तो धडधड आवाजही ट्रॅक्टरबरोबर पुढे निघून गेला. वळणावरून लांबूनसुद्धा तो छान ऐकू येत होता. आमची गाडी मात्र होती तिथेच उभी होती. हलगी हळूहळू थांबली. सगळं गाव गाडीभोवती गोल करून उभं राहिलं. मागच्या सीटवरून कोंबडी एकदाच "कॉक" म्हणाली.

तेवढ्यात सुनंदा आली. मामींना घेऊन घरून चालत आली होती. तिनं काचेतून आत बघितलं, माझ्या नाकावरचा गुलाल पदरानं पुसला आणि म्हणाली, "एक सांगा. सकाळपासून आमच्या घरात तुम्हाला एकदा तरी कुणी 'नाही' म्हणालंय का?"

मी आठवून बघितलं. बरंच आठवून बघितलं.

"आईनं पहाटे सगळ्यांना तुळशीपुढं उभं करून बजावलंय. धोंड्याच्या महिन्यात जावयाला 'न्हाई' म्हणायचं न्हाई. कायबी इचारलं तरी 'व्हय'च म्हणायचं."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"लक्ष्मीनं मध्ये बोलू नये ना!"

ट्रॅक्टर वळवून दत्ता परत आला होता. मी गाडीतून उतरलो आणि त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "दत्ता, त्या प्लगवर ठिणगी पडत होती का?"

"व्हय, दाजी."

"म्हणजे पडत नव्हती का?"

"व्हय, दाजी."

"या गाडीला इंजिनच नाही, बरोबर?"

दत्ताच्या कपाळावर घाम आला. त्यानं आईकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "व्हय, दाजी."

माझं सगळं निदान या एका शब्दावर उभं होतं! पण मीही हट्टाला पेटलो. संध्याकाळी दौंडात शिरायचं म्हणजे शिरायचं. मी फेटा काढून मामींच्या हातात दिला. "मामी, आता नारायण सुट्टीवर गेला," असं म्हणून मी बॉनेट उघडलं. मामींनी पदर तोंडाला लावला. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी हळहळ व्यक्त केली.

हवेच्या गाळणीत उंदराचं घर होतं. घर म्हणजे चांगला वाडा, पोत्याचे धागे कुरतडून, मऊ मऊ करून बांधलेला.

"हवा जाते म्हणालास ना?"

"उंदराला जात आसंल, दाजी," दत्ता पुटपुटला.

पेट्रोलची नळी मधेच कुरतडलेली होती आणि पेट्रोल खाली मातीत गळत होतं. "धार लागलीया म्हणालास!"

"लागलीच हाय की! तुमी 'येतंय का' इचारलं. 'कुठं येतंय' आसं इचारलंच न्हाई!"

मी हात जोडले. उंदराचा वाडा काढून टाकला. नळीचा कुरतडलेला भाग कापून ती पुन्हा बसवली. राहिला करंट. मोबाईलमधला माणूस एक गोल टोपण उघडून दाखवत होता. त्याच्या टोपणाखाली बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा होता. त्याला रोटर म्हणतात, आणि तोच फिरून प्रत्येक प्लगला करंट वाटतो. मी आमचं टोपण उघडलं. आत रोटर नव्हता. तो तुटला नव्हता, झिजला नव्हता, नुसताच नव्हता!

मी मामांकडे वळलो. "मामा, तुम्ही तो..."

सुनंदानं मला चिमटा काढला. "'का' लावून विचारू नका. 'कुठं' विचारा."

"मामा, इथला रोटर कुठं आहे?"

या प्रश्नाला 'व्हय' म्हणून सुटता येत नव्हतं. गाव बघत होतं. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि सावकाश कमरेची चंची सोडली. तंबाखू बाजूला केली, चुन्याची डबी बाजूला केली, आणि तळातून कापडाच्या चिंधीत गुंडाळलेला तो काळा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"आबा!" दत्ता ओरडला. "तवापास्नं चंचीत हाय?"

"शेडात लावली त्या दिशी काढून ठिवला," मामा म्हणाले. "कुणी न इचारता गाडी न्याया नगं म्हनून."

"अहो, पण मामा, मी सकाळपासून तपास करतोय! मला सांगायचं नाही?"

"तुमी मला काय इचारलंच न्हाई," मामा म्हणाले. "आन् मी हून सांगावं, आसं मला वाटलं न्हाई."

मी रोटर बसवायला गेलो. तो बसेना. तिरका करून बघितला, उलटा करून बघितला. मामांनी तो माझ्या हातातून घेतला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि अलगद जागेवर बसवला. मग तेच स्टिअरिंगवर बसले. त्यांनी चावी फिरवली.

खुर्रर्र. खुर्रर्र. फट्! मागून काळा धूर निघाला आणि धुरात हलगीवाला दिसेनासा झाला. आणि मग, या वेळी बॉनेटखालूनच, तो जुना जड, संथ आवाज सुरू झाला. माझ्या लग्नाच्या दिवशीचा आवाज. मला इतका आनंद झाला, की मी ग्रीसच्या हातांनी मामींच्या पाया पडलो. त्यांच्या नव्या लुगड्यावर त्याची खूण अजून आहे.

हलगी परत सुरू झाली. मी दार उघडून मामांना म्हणालो, "चला, मी बसतो. उजेडात दौंड गाठू."

मामा उठेनात. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं आहे असं म्हणायची सोय होती. पण धूर मागच्या बाजूला होता.

सुनंदा माझ्याजवळ आली. "त्यांना विचारलंत?"

"विचारलं की! सगळ्यांसमोर विचारलं. 'व्हय' म्हणा..."

मी मधेच थांबलो. मी खिडकीशी वाकलो.

"मामा, गाडी मी नेऊ ना?"

"व्हय."

"मनापासून सांगताय?"

"व्हय."

"की राहू दे तुमच्याकडेच?"

"व्हय," मामा म्हणाले. पण या तिसऱ्या 'व्हय'ला आवाज पहिल्या दोन्हींच्या दुप्पट होता.

मला ती गाडी हवी होती. फार हवी होती. कॉलनीच्या गेटमधून तिचा हॉर्न वाजवत आत शिरायचं, हे मी मनातल्या मनात किती वेळा करून बघितलं होतं! पण नारायण झालो म्हणून काय म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवरून गाडी ओढून न्यायची? "मामा," मी म्हणालो, "धोंड्याचा महिना संपू दे. मग मी फोन करून विचारतो. तेव्हा खरं काय ते सांगा."

दत्ताच्या नव्या गाडीची बॅटरी अजून अँबॅसिडरमध्ये होती आणि ती काढू, असं म्हणायचा धीर कुणाला होईना. तेव्हा आम्ही दोघं एसटीनं निघालो. अंगभर गुलाल, सदऱ्याला ग्रीस, मांडीवर अनारशांचा डबा. कॉलनीच्या गेटपाशी अख्खी कॉलनी उभी होती. रांगोळीसुद्धा काढली होती! आम्ही त्या रांगोळीशेजारून पायी आत आलो. कुणी काही विचारलं नाही, हे जास्त वाईट होतं. आणलेला हार वाया जाऊ नये म्हणून गार्डसाहेबांनी तो माझ्याच गळ्यात घातला.

महिना संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. "मामा, धोंड्याचा महिना संपला. आता सांगा. गाडी मी नेऊ का?"

"न्हाई!" मामा म्हणाले.

काय आवाज होता! फोन कानापासून लांब धरला तरी शेजारच्या खोलीत सुनंदाला ऐकू गेला. महिनाभर दाबून ठेवलेला 'न्हाई' होता तो. मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला बोलू? पण त्या आवाजात मामा दहा वर्षांनी तरणे झाल्यासारखे वाटले, आणि मला हसूही आलं.

"आन् पाव्हणं," मामा पुढे म्हणाले, "तुमास्नी इंजिनातलं कायबी कळत न्हाई." मागून दत्ता ओरडला, "दाजी, आन् वायसरनं आमचा पंप बी चालू झाला न्हाई!" मग मामींनी फोन घेतला. लुगड्याचा डाग निघत न्हाई, म्हणाल्या. एकदा सुरुवात झाल्यावर त्या घराला 'न्हाई' म्हणताना थांबवणं अवघड होतं. शेवटी मामा परत फोनवर आले. आवाज मऊ झाला होता. "नेऊ नगा. पर आयतवारी या. फिरवून आणतो."

तेव्हापासून रविवारी आम्ही जातो. अँबॅसिडर धुऊनपुसून अंगणात तयार असते. मामा मला चालवू देत नाहीत. जावयानं गाडी चालवायची नसते, म्हणतात. शेजारी बसू देत नाहीत, तिथे मामी बसतात. मी मागच्या मऊ गादीवर, मंत्र्यासारखा ऐसपैस बसतो. शिरूरच्या रस्त्याला लोक रामराम घालतात, मी हात हलवतो. वाटेत एक चढ आहे. तिथे गाडीला दम लागतो, ती हळू होते, आणखी हळू होते आणि थांबते. मग मामा मागे न बघता म्हणतात, "पाव्हणं, उतरा. ढकला."

मी एकदा म्हणून बघितलं, "मामा, मी जावई आहे."

"व्हय," मामा म्हणाले. "पर धोंड्याला आता तीन वर्सं हायती."